आठ नटांवरच्या रेघा

शनिवारी सकाळी सव्वासहाच्या सुमारास दिवे घाट उतरताना माझ्या थोरल्या भावाची पिकअप कठड्यावर आदळून उलटली. गाडीत सासवडहून भरलेला मटार होता. भाऊ एकटाच होता. हडपसरच्या दवाखान्यात आणण्यापूर्वीच त्याचा मृत्यू झाला होता.

गाडी जुनी होती. आमच्या शेतावर कारखान्याची शेड उभी राहिल्यानंतर त्याने ती घेतली आणि सासवडचा भाजीपाला मार्केट यार्डात पोचवायला सुरुवात केली. त्या आठवड्यात सोमवारी मागच्या डाव्या बाजूचा एक पाटा तुटला. पाटे म्हणजे कमानीसारख्या वाकवलेल्या, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. गाडीचं सगळं ओझं त्यांच्यावर असतं. त्या बनावटीची गाडी निघायची बंद झाली होती, त्यामुळे नवे पाटे मिळत नव्हते.

मी तेव्हा शनिवार पेठेत एका वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. बुधवारी माझी सुटी असे आणि जुना बाजारही बुधवारी भरे. आम्ही दोघे गेलो. पाण्याच्या मोटारी आणि मोडक्या खाटांच्या मधे, गोणपाटावर पाट्यांचा ढीग होता.

"ह्यांची गाडी कुठंय?" भावाने विचारलं.

"गाडी मेली. पाटे जिवंत आहेत," विकणारा म्हणाला.

मोजमाप जुळणारे चार पाटे आम्ही घेतले. तुटलेल्याच्या जागी एक आणि मजबुतीसाठी दोन्ही बाजूंना एकेक जादा, असा हिशेब होता. चौथा हाताशी असावा म्हणून.

गुरुवारी गाडी घेऊन भवानी पेठेत, पाटे बसवणाऱ्या कमानवाल्यांकडे गेलो. सत्तरीचे गृहस्थ. वडील-आजोबा टांग्यांच्या कमानी करत. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी प्रत्येक पाटा तारेने टांगला आणि लहान हातोडीने ठोकून कान दिला. तीन पाटे खणखणीत वाजले. चौथ्याचा आवाज बद्द आला.

"आत चीर आहे. ह्याची शाळेची घंटासुद्धा होणार नाही," असं म्हणून त्यांनी तो बाजूला टाकला.

मग त्यांनी दोन्ही बाजू खोलायला घेतल्या.

"डावीच तुटलीय, चाचा. उजवीला हात लावायची काय गरज हाय?" भावाने विचारलं.

"चप्पल एकाच पायात घालता का, मालक?"

पाट्यांची चवड एक्सलला, म्हणजे दोन्ही चाकांमधल्या आडव्या आसाला, आवळून धरायला यू आकाराचे बोल्ट असतात. एका बाजूला दोन बोल्ट, प्रत्येकाच्या दोन टोकांना दोन नट, म्हणजे दोन्ही बाजू मिळून आठ नट. चाचांनी ते लांब पान्याने आवळले आणि प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"नट फिरला तर रेघ तुटते. कळतं." मग भावाकडे वळून म्हणाले, "उद्या माल भरून एक फेरी मारा आणि संध्याकाळी परत या. पाटे बसतात. पुन्हा आवळावं लागतं."

"अन् नाही आलो तर?"

"तर मी काही तुमच्या घरी यायचो नाही."

शुक्रवारी भावाने मालाची एक फेरी केली. संध्याकाळी मी हडपसरला घरी पोचलो तेव्हा तो अंगणात गाडी धूत होता. हडपसरहून भवानी पेठेपर्यंत त्या वेळी गर्दी असे, आणि पहाटे पुन्हा सासवडला निघायचं होतं, म्हणून तो चाचांकडे गेला नव्हता.

"तूच बघ की खाली," तो म्हणाला. "दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढतोस. आज फुकट काढ."

मी बॅटरी घेऊन गाडीखाली शिरलो. आठही नट एकेक करून पाहिले. एकही रेघ तुटलेली नव्हती. बाहेर येऊन मी सांगितलं, "आठही सरळ आहेत."

"मग झालं की. चाचाला उद्या दुपारी तोंड दाखवू."

पंचनाम्यात चालकाचा ताबा सुटल्याचं लिहिलं गेलं. आमच्या वार्ताहरानेही चार ओळींच्या बातमीत तेच वाक्य पाठवलं. तेच वाक्य असलेल्या बातम्या मी अनेकदा तपासून पुढे पाठवल्या होत्या. आळीत मात्र त्याला डुलकी लागली असं बोललं जात होतं.

तिसऱ्या दिवशी वहिनींनी मला आत बोलावलं. "भावोजी, त्यांचा डोळा लागला होता का? लोक म्हणत्यात. पोरींना उद्या काय सांगू? जे असंल ते खरं सांगा."

मला माहीत नव्हतं. तसं मी त्यांना सांगितलं.

चौथ्या दिवशी चाचा आमच्या घरी आले. ओट्यावर बसले. "त्या संध्याकाळी वाट बघितली मी," एवढंच म्हणाले. मी त्यांना रेघा पाहिल्याचं सांगितलं. त्यांनी गाडी कुठे आहे ते विचारलं.

गाडी पोलीस चौकीच्या मागच्या आवारात होती. हवालदारांनी बघायची परवानगी दिली. मागच्या एक्सलचं डावं टोक चारेक बोटं मागे सरकलं होतं. पाट्यांना आणि एक्सलला जागेवर धरणारा मधला बोल्ट तुटला होता. तुटीचा भाग चकचकीत होता, गंज नव्हता, म्हणजे तूट ताजी होती. जुन्या बाजारातून आणलेले तिन्ही पाटे अखंड होते. डाव्या बाजूचे चारही नट जागेवर होते आणि चौघांवरच्या रेघा सरळ होत्या.

चाचांनी पहिल्या नटाला पाना लावला. जोर द्यावा लागला नाही. पाना एका हाताने दोन फेरे फिरला, तेव्हा कुठे नट पट्टीला टेकला. बाकीच्या तिन्ही नटांचं तसंच झालं.

"जुन्या पाट्यांत रंग असतो, गंज असतो," ते म्हणाले. "माल पडला की चेपतो. चवड बारीक होते, बोल्ट सैल पडतो. नट फिरत नाही. म्हणून रेघ तशीच राहते." मग म्हणाले, "हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं." आणि उजव्या बाजूला गेले. तिथलेही चार नट सैल होते.

एक्सल सरकला की गाडी आपोआप एका अंगाला ओढते आणि उतारावर ती स्टिअरिंगने सावरत नाही, असं त्यांनी हवालदारांना सांगितलं. हवालदारांनी ते लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी मी वहिनींना सांगितलं, की डोळा लागला नव्हता असं मला खात्रीने सांगता येत नाही, पण बोल्ट सैल होते आणि एक्सल सरकला होता. शुक्रवारी गाडीखाली जाऊन आठही रेघा मी पाहिल्या होत्या, हेही सांगितलं.