पदराखालचे हात

भिवापुरी मिरचीची पोती लकडगंजच्या गोदामात उतरली की शेजारच्या नंदनवन वस्तीतले कावळे तोंडाला रुमाल बांधून उडायचे. मी स्वतः पाहिलेत. त्या गोदामात माझ्या आईनं अठ्ठावीस वर्षं मिरचीचे देठ खुडले. तिनं कणीक मळली की पोळीच तिखट व्हायची. आमच्या घरी वेगळा ठेचा केल्याचं मला आठवत नाही.

सून मजुरीला जाते हे परक्यापुढं बोलायची मात्र रीत नव्हती. गोदामाकडे निघालेली प्रत्येक बाई "बाजारात जाऊन येतो" म्हणे. त्या मानानं आमच्या मोहल्ल्याइतकी भाजी जगात कोणी खाल्ली नसेल.

मी दहा वर्षांची असताना एक प्राध्यापक बाई आल्या. बायकांचं जगणं कसं बदलतंय, याचा अभ्यास करत होत्या. आमच्या वस्तीत असं विचारायला त्याआधी कोणीच आलं नव्हतं. आईचं नाव आता पंतप्रधानांच्या टेबलावर जाणार, असं मी चार गल्ल्यांत सांगून आले.

"तुम्ही काय काम करता?" बाईंनी विचारलं.

दारात आईची सासू बसली होती. आईनं लालभडक हात पदराखाली घेतले. "काही नाही जी. घरीच."

आता आईची फुप्फुसं गेलीत. मिरचीच्या धुळीनं, असं डॉक्टर म्हणतात. कामगार म्हणून नोंद झाली तर उपचार फुकट. पण कामगार कार्यालयाला लेखी पुरावा हवा. मालक वारला, गोदामाच्या जागी मंगल कार्यालय झालं, आणि बायकांची नावं तिथं कोणी कधी लिहिलीच नव्हती. मग मला त्या बाई आठवल्या.

ग्रंथालयात त्यांचं पुस्तक सापडलं. 'नालीकाठचं, निंबाखालचं घर. सून गृहिणी, बाहेर काम नाही. स्वभाव लाजाळू, बोलताना हात पदराखाली.'

लपवलेले हात बाईंना दिसले होते. काहून लपवले, ते त्यांनी विचारलं नाही. आणि बाजूला उभी राहून मी, गावभर थापा मारणारी, तेवढं एक खरं वाक्य बोलले नाही.

पुस्तक तिथंच ठेवलं आणि तोंडी जबाब तरी लिहून घेतील म्हणून आईलाच कामगार कार्यालयात नेलं. ऑटोत बजावत होते, "म्हणजो, गोदामात मिरची खुडत होती मी."

"काहून पढवून राहिली वं मले? लहान आहो का मी?" एवढं बोलताना तिला दोनदा दम लागला.

कारकुनाला मी सगळं सांगितलं, एक शब्दही न फुगवता. माझ्या तोंडाला सवय नव्हती. त्याला ते खोटंच वाटलं असावं.

"मॅडम, तुम्ही थांबा. मावशींना बोलू द्या. तुम्ही काय काम करत होता, मावशी?"

बाकावरचे सगळे पुरुष वळून पाहू लागले. आईचे हात पदराखाली गेले.

"काही नाही जी. घरीच."

त्यानं ते वळणदार अक्षरात लिहून घेतलं.

बाहेर पायरीवर आई बराच वेळ खोकली. मग तोंड पुसत म्हणाली, "बरोबर बोलली ना वं मी?"

"हो," मी म्हटलं. "साहेब एकदम खूश झाला."