डाव्या खिडकीतले बाबा

थोरलीचे बाबा जन्मभर शहर बसचे ड्रायव्हर होते. डेपोत त्यांना सगळे पायलट म्हणायचे, कारण ते ब्रेक असा लावायचे की उभ्या माणसाच्या हातातला चहा हलायचा नाही. त्यांच्या डोक्यामागे पत्र्याची पाटी असायची, ‘चालकाशी बोलू नये’. आणि लोक खरोखरच बोलायचे नाहीत. बडबड काय ती कंडक्टरच्या वाट्याला. आता इतकी वर्षं पाठीमागे एवढी माणसं बसवून एकाशीही बोलायचं नाही, म्हणजे त्या माणसाच्या पोटात किती साठलं असेल! ते सगळं निवृत्तीनंतर बाहेर पडलं, आणि त्याला कारण झाली ती गाडी.

एका दवाखान्याच्या मागे गवतात सडत पडली होती. गोल दिवे, पुढच्या दारांना तिकोनी काचा, आणि मूळचा पिस्ता रंग गंजाखाली कुठेकुठे शिल्लक. बाबांनी ती ओढत घरी आणली तेव्हा आई दारात उभी राहून म्हणाली, “हे काय? आता भंगारवाल्याशी सोयरीक करायची आहे का?” पुढची काही वर्षं घरात जेवणाच्या टेबलावर कार्बोरेटर आणि ओट्यावर स्पार्क प्लग असा संसार चालला. आईने तोंड सोडलं, धरलं, परत सोडलं. शेवटी गाडी सुरू झाली तेव्हा मात्र पहिल्यांदा पुढे जाऊन बसली तीच.

रस्त्यावर आल्यावर जे व्हायला लागलं त्याची कुणालाच कल्पना नव्हती. लोक थांबायचे. ज्या बाबांकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, त्यांना सिग्नलला वेढा पडायचा. गाडीला वळणाचे दिवे नव्हते, म्हणून बाबा उजवा हात बाहेर काढून वळायचे, तर फुटपाथवरची माणसं हसून उलट हात हलवायची! बाबांनी सुरुवातीला समजावून बघितलं, “अहो, मी वळतोय.” मग नाद सोडला. एकदा ट्रॅफिक पोलिसाने शिट्टी मारून बाजूला घेतलं. मागे बसलेली थोरली घाईघाईने कागदपत्रं शोधायला लागली. पोलीस खिडकीशी वाकून म्हणाला, “लायसन नको काका. फक्त दोन मिनिटं आत बसू का?”

आणि प्रत्येकाच्या आजोबांकडे हीच गाडी होती. अगदी हीच, हाच रंग. “जेवढ्या आजोबांकडे ही होती,” बाबा घरी येऊन म्हणायचे, “तेवढ्या कारखान्याने बनवल्या तरी होत्या का?” पण लोकांसमोर त्याबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. मान डोलवायचे, बॉनेट उघडून दाखवायचे, कुठल्या सालची म्हणून विचारलं की “माझ्यापेक्षा लहान आहे” म्हणायचे आणि वर स्वतःच हसायचे. कुणाला नाही म्हटलं नाही, कुणाला घाई आहे म्हणून सांगितलं नाही. आई गाडीत बसून चिडायची, “दूध आणायला निघालो होतो आपण, दूध!”

हे असं मजेत चाललं होतं, आणि एका सकाळी बाबा गाडी घेऊन सरळ बागेच्या कठड्यात घुसले. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाले. लागलं कुणालाच नाही, गाडीच्या बंपरवर निभावलं. पण तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाची एक झडप खराब झाली आहे, ऑपरेशन करावं लागेल, आणि तोवर स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

आता थोरलीचा स्वभाव सांगायला हवा. ती छापखान्यात बाइंडिंगचं काम बघते. दिवसभर कागदांचे गठ्ठे, कटर, डिंक. तिथे काम अडलं की ती ओढून पुढे नेते, हात भरून घेते आणि संपवते. लग्नाच्या भानगडीत पडली नाही, घरातलं सगळं हळूहळू तिच्याकडे आलं, आणि तिला ते आवडतंही. तर डॉक्टरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती म्हणाली, “गाडी बंद. ऑपरेशनलाही आमचं हो आहे.” आणि तिथेच, डॉक्टरांच्या देखत, बाबांच्या शर्टाच्या खिशात हात घालून तिने किल्ली काढून घेतली.

त्या क्षणापासून बाबा तिच्याशी बोलायचे बंद झाले. भांडण नाही, आदळआपट नाही. नुसता अबोला. ती खोलीत आली की वर्तमानपत्र वर जायचं. ऑपरेशनचं नाव काढलं की बाबा उठून गॅलरीत. डॉक्टर दर खेपेला विचारत होते, “ठरलं का? फार लांबवू नका.” रुग्णाची सही लागते, ती थोरलीला काही खिशातून काढून घेता येत नव्हती.

तिने आईला मध्ये घालून बघितलं. आईने साफ कानावर हात ठेवले. “मी काय टपालखातं आहे का तुमचं? त्यांनी रुसायचं, तू फुगायचं, आणि मी या खोलीतून त्या खोलीत निरोप वाहायचे? माझे गुडघे दुखतात. तुम्ही दोघं एका मातीची, तुमचं तुम्ही बघा.” आणि मग जरा वेळाने म्हणाली, “ती गाडी मात्र फिरवून आण. उभी राहिली तर बसेल. आणि ती बसली तर तुझे बाबाही बसतील.”

म्हणून रविवारी सकाळी थोरली चालवायला बसली. बाबा न बोलावता येऊन डाव्या बाजूला बसले, नाक समोर ठेवून. गिअर करकरला. बाबांनी डोळे मिटले, पण बोलले नाहीत. तशीच ती पेट्रोल पंपावर पोचली. तिथे एक हेल्मेटवाला धावत आला. “आजोबा! काय गाडी आहे हो! कुठल्या सालची?”

बाबांनी काच खाली घेतली. “माझ्यापेक्षा लहान आहे,” ते म्हणाले, आणि जे सुरू झाले ते टाकी भरून झाली, पैसे देऊन झाले, मागच्याने हॉर्न वाजवला तरी थांबेनात. थोरली स्टिअरिंग धरून नुसती ऐकत राहिली. किती दिवसांनी आवाज ऐकला होता तिने तो! तिला रडू येईल असं वाटलं, आणि त्याच वेळी असा राग आला की या हेल्मेटवाल्याला दोन शब्द सुनवावेत. हा कोण कुठला, आणि याच्याशी एवढं गोड!

पण मग तिच्या लक्षात आलं की बाबा गाडीवरून घसरून दुसरंच बोलताहेत. “ही माझी ड्रायव्हर,” तिच्याकडे अंगठा करून ते सांगत होते. “मुलगी. चालवते बरी. चहात मात्र साखर घालायची विसरते हल्ली.” थोरलीने घरी गेल्यावर चहात साखर घातली. बाबांनी कप रिकामा केला.

झालं, तिला वाट सापडली. ती दर रविवारी मुद्दाम गर्दीच्या रस्त्याने जायला लागली. जिथे माणसं जमतील तिथे गाडी उभी करायची, आणि आपण आरशात केस ठीक करत कान द्यायचे. बाबांना नवी उशी टोचते, हे तिला एका फोटो काढणाऱ्या नवरा-नवरीकडून कळलं. कुठला बूट चावतो ते फळवाल्याकडून. आणि एकदा गाडी धुवायला नेली, तेव्हा पाण्याचा पाइप धरलेल्या माणसाला बाबा सहज सांगत होते, “आडवं पडलं की दम लागतो. आरामखुर्चीतच झोपतो मी आता.”

खुर्चीत वाचता वाचता डोळा लागतो, असंच घरात सगळे समजत होते. दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, “मग आता थांबण्यात अर्थ नाही. त्यांना तयार करा. या महिन्यात करून टाकू.”

तयार करा! बोलत नाही त्या माणसाला तयार कसं करायचं? तिने डोकं चालवलं. चालवलं कसलं, मातीच केली. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला तिने आधी एकटी गाठून पढवलं. तुम्ही सहज विषय काढा, म्हणावं आमच्याही घरात एकाचं असं ऑपरेशन झालं, ठणठणीत आहेत. पंक्चरवाला बिचारा भला माणूस, पण नाटक त्याच्या रक्तातच नव्हतं. रविवारी गाडी थांबल्याबरोबर तो हात पुसत आला आणि एका दमात म्हणाला, “आजोबा, गाडी झकास आहे, ऑपरेशन कधी करताय?”

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. मग थोरलीकडे. आणि हँडल फिरवून काच वर केली, पार वरपर्यंत.

पुढच्या रविवारी ते गाडीत बसले, पण काच उतरली नाही. सिग्नलला एका बाईने हौसेने काचेवर टकटक केली. बाबा समोर बघत राहिले. बाई ओशाळून निघून गेली. भाजी बाजारापाशी दोघं जण फोन उंच धरून वाकले, हसले, हात हलवले. बाबांनी मानही वळवली नाही. थोरलीला स्वतःची अशी लाज वाटली की विचारू नका. घरात तिच्यामुळे बोलणं बंद झालंच होतं. आता बाहेरचं होतं तेवढंही तिने घालवलं होतं. शेजारी बाबांचा श्वास ऐकू येत होता, तोंडाने घेतलेला, आखूड.

रेल्वेचं फाटक बंद होतं. तिने गाडी उभी केली, इंजिन बंद केलं. मागे रांग लागायला लागली. मग काय वाटलं कोण जाणे, दार उघडून उतरली, बॉनेटला वळसा घालून बाबांच्या बाजूला गेली आणि काचेवर बोटाने टकटक केली.

बाबांनी बघितलं. मग काच चार बोटं खाली आली.

“आजोबा,” थोरली म्हणाली. “गाडी छान आहे हो. कुठल्या सालची?”

बाबांनी नजर फाटकाकडे वळवली. झालं, आता काच वर जाणार, तिला वाटलं.

“माझ्यापेक्षा लहान आहे.”

“कोण चालवतं?”

“मुलगी.”

“बरी चालवते?”

“क्लचवर पाय ठेवून बसते.”

थोरलीने ते गिळलं. “तुम्ही का नाही चालवत?”

“किल्ली काढून घेतली माझी. खिशातून. लहान पोराच्या हातातली कात्री काढतात ना, तशी.”

“चुकलं तिचं.”

“किल्लीचं नाही चुकलं,” बाबा म्हणाले. “त्या कठड्यावर कुणी बसलेलं असतं तर? एवढी वर्षं बस चालवली, एक माणूस घासला नाही मी. मला कळत नाही का? किल्ली घ्यायलाच हवी होती. पण ऑपरेशनलाही हो म्हणून मोकळी झाली. माझी छाती उघडणार, मी तिथे शेजारी बसलेला, आणि मला विचारलं कुणी?”

“विचारलं असतं तर काय म्हणाला असता?”

“नाही म्हटलं असतं.” मग काच आणखी थोडी खाली आली. “भीती वाटते हो. झोपवतात, आणि पुढचं सगळं दुसऱ्याच्या हातात. मला कधी दुसऱ्याच्या गाडीत नीट झोप लागली नाही. पण घरी कुणाला सांगू? बायको रडत बसेल. आणि मुलीसमोर मी आजवर कधी घाबरलेलो नाही.”

गाडी आली. मालगाडी होती, संपता संपेना. त्या धडधडाटात बोलणं शक्यच नव्हतं, म्हणून दोघं एकमेकांकडे बघत राहिली. थोरलीच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलंही नाही.

शेवटचा डबा गेल्यावर ती म्हणाली, “तीही घाबरली आहे. डॉक्टर बोलत होते तेव्हा तिला धड ऐकूही येत नव्हतं. तुम्ही नाही म्हणाल म्हणून तिने घाईघाईत हो म्हणून टाकलं.” मग तिच्याने ते आजोबा-बिजोबा पुढे रेटवेना. “बाबा, माझं चुकलं. मी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. आता विचारते. ऑपरेशन करून घ्याल?”

फाटक वर गेलं. मागे हॉर्नचा एकच गलका उठला. मागच्या गाडीतून एक जाडसर गृहस्थ तणतणत उतरून आले. “अहो बाई, बंद पडली का? ढकलू का?” आणि मग त्यांची नजर दिव्यांवर गेली, तिकोनी काचेवर गेली, चेहरा खुलला, आणि थोरलीला बाजूला सारून ते खिडकीत वाकले. “अरे वा वा! आमच्या आजोबांकडे अगदी हीच होती! कुठल्या सालची हो?”

“थांबा जरा,” बाबा म्हणाले. “मी माझ्या मुलीशी बोलतोय.”

गृहस्थ दचकून मागे झाले. बाबांनी काच पूर्ण खाली केली आणि बाहेर डोकं काढलं.

“हॉर्नमध्ये ऐकू आलं नाही,” ते थोरलीला म्हणाले. “काय विचारत होतीस? परत विचार.”

तिने परत विचारलं.