पायरीवर विकलेलं काळं मंजन
बदामाची टरफलं जाळल्याचा वास आला की मला शाहूपुरीतलं ते ठोक दुकान आठवतं. तीच टरफलं जाळून आईनं घरी कुटलेल्या काळ्या मंजनाचे डबे घेऊन आम्ही दोघी पहिल्यांदाच तिथं गेलो होतो; तिथल्या दुकानदारानं माल घेतला तरच आमचा धंदा उभा राहणार होता. त्यानं चिमूटभर मंजन बोटावर घेतलं आणि हसला, "पेस्टच्या जमान्यात ही राख कोण लावतंय? भांडी घासायला न्या की!" माझं डोकं फिरलं. शेजारच्या रसवाल्याकडून ऊस आणून मी आईच्या हातात दिला. पासष्टीच्या आईनं तो उभ्या-उभ्या, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर दातांनी कराकरा सोलला. "मावशी, मला दोन डबे द्या," एकजण म्हणाला, मग दुसरा. दुकानदार लगेच मवाळ झाला, "सगळे ठेवा की, तुमच्याच दरानं." मी म्हटलं, "आधी माझ्या आईला खुर्ची द्या." "त्यात काय एवढं?" म्हणून तो नुसताच हसला. मी डबे उचलले आणि त्याच्याच पायरीवर बसून सगळे विकले. आज माझं मंजन पार लांबच्या नेसरी गावापर्यंत जातं. त्याचा मुलगा मालासाठी दर महिन्याला फोन करतो, आणि मी दरवेळी विचारते, "आई अजून ठणठणीत हाय माझी. तुझ्या वडलांनी तिच्यासाठी खुर्ची काढली का?"