कवळीवाल्याचं बोट

दाताच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत तो तेवीस वर्षं कवळ्या बनवत होता, आणि तेवीस वर्षांत त्याने एकाही जिवंत माणसाच्या तोंडात बोट घातलं नव्हतं. गरजच पडली नाही. पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई पेशंटच्या हिरड्यांचा ठसा घ्यायच्या. मधल्या खिडकीतून तो ठसा आत यायचा. हा त्यात प्लास्टर ओतायचा आणि एका अनोळखी तोंडाचा पांढरा, मुका साचा टेबलावर उभा राहायचा. साच्यावर मेण, मेणात दात, मग पक्की गुलाबी कवळी. ती खिडकीतून बाहेर गेली की पुढे काय चावते, काय बोलते, हे त्याच्या कानावर येत नसे.

घरी-दारी त्याला सगळे संकल्पराव म्हणत. साडेचारला उठायचं, गार पाण्याने अंघोळ करायची, सहा मजले जिन्याने चढायचे. साखर सोडली, चहा सोडला. चाळिशीनंतर तो डाव्या हाताने लिहायला शिकला, का तर मेंदू गंजू नये. भिंतीवरच्या तक्त्यात रोज एक खूण. बायको म्हणायची, "यांचा आता फक्त श्वास सोडायचा राहिलाय."

थट्टा होती, पण त्यात मान होता. कारण हा माणूस बोलेल ते करायचा. मेव्हण्याची सिगारेट सुटेना, तर रोज पहाटे त्याला उठवून आठ महिने त्याच्याबरोबर चालला. मेव्हण्याने शिव्या दिल्या, दार लावून घेतलं, एकदा चप्पल फेकली. हा दुसऱ्या दिवशी दारात हजर. सिगारेट सुटली.

अधूनमधून मात्र एखादी कवळी खिडकीतून परत यायची. सोबत चिठ्ठी : 'टोचते.' तो ती भिंगाखाली धरायचा, उलटसुलट करायचा आणि चिठ्ठीच्या मागे लिहायचा : 'ठसा चुकला.' डाव्या हाताने, सुबक अक्षरात. वर्षानुवर्षं दोनच शब्द.

आणि त्याचे साचे तर नजर ठरू नये इतके साफ असत. ठशात हवेचा बुडबुडा राहिला की साच्यावर पुटकुळी उठते. ती त्याला डोळ्यांसमोर चालत नसे. पातळ सुरी घ्यायची, हलकेच खरवडायची, फुंकर मारायची. गुळगुळीत. या सफाईवर त्याचा जीव होता.

मग ताईचे दात पडले.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होती. गर्दीने भरलेली बस नुसत्या आवाजावर मागे सरकवणारी बाई. तिची कवळी आपण स्वतः करायची, असं त्याने ठरवलं. ठसा घेताना तो शेजारी उभा राहिला, मिश्रण त्यानेच कालवलं, ठसा बाहेर आल्यावर उजेडात फिरवून बघितला. कुठे नाव ठेवायला जागा नव्हती.

कवळी बसवल्यापासून तीन आठवड्यांत ताईच्या गालांची हाडं वर आली. दुधात बुडवलेल्या पावापलीकडे तिला काही गिळवेना. खालची कवळी पर्समध्ये आणि बाई गप्प. तिच्या गप्प बसण्याने घरातले सगळेच धास्तावले. शेवटी त्याने तिला दवाखान्यात आणून खुर्चीत बसवलं.

डॉक्टरीणबाईंनी दिव्याची मान वळवली. "डाव्या बाजूला आतून लाल झालंय. जखमच आहे."

"ठसा तर चांगला होता," तो म्हणाला.

"होता ना. हात धुवा आणि तुम्हीच बघा. बोट घाला."

तो घुटमळला. ताई म्हणाली, "घाल रे. चावते की काय? चावायला ठेवलंयस कुठे काही!"

त्याने बोट घातलं. प्लास्टर थंड असतं, कोरडं असतं, चुपचाप असतं. हे गरम होतं, ओलं होतं आणि त्याच्या स्पर्शाने आक्रसत होतं. मऊ हिरडीखाली हाडाचा एक उंचवटा लागला, हरभऱ्याएवढा. ताईने डोळे गच्च मिटले.

"हा पहिल्यापासून आहे?"

"जन्माचा. आईलाही होता," बोट निघाल्यावर ताई म्हणाली. "का रे?"

त्याच्या बोटाला तो उंचवटा ओळखीचा होता. साच्यावर, नेमका याच जागी. पुटकुळी समजून त्याने तो खरवडला होता, फुंकर मारून धूळ उडवली होती. साच्यावरून हाड गेलं, तोंडातून कसं जाईल? जेवढं त्याने खरवडलं तेवढी कवळी आत शिरली आणि घासागणिक त्याच हाडावर बसली.

सबबी आल्या. जुन्या गिऱ्हाइकांसारख्या, न बोलावता, ओळीने आल्या. टेबलावर उजेड कमी आहे. असं हाड शंभरात एखाद्यालाच असतं. बाईंनी आधी सांगायला हवं होतं. त्यातली एक तर जिभेच्या टोकापर्यंत आली होती. पण समोर ताई रुमालाने ओठ टिपत होती आणि रुमालावर लाल डाग होता.

"मी खरवडलं," तो म्हणाला. "साचा मी खरवडला."

डॉक्टरीणबाईंना आश्चर्य वाटलं नाही. त्याला नेमकं तेच लागलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुमच्या बऱ्याच कवळ्या मी इथेच आतून घासून देते. जमल्या तर जमल्या."

"मग मला कधी बोलला नाहीत?"

"पहिल्या वर्षी बोलले होते. तुम्ही तीन दिवस अबोला धरलात आणि मग ते 'ठसा चुकला' सुरू केलंत." त्यांनी दिवा बाजूला सारला. "पहाटे उठणारा, एकही खाडा न करणारा माणूस. तुमची चूक काढायची म्हणजे मलाच चोरट्यासारखं व्हायचं. तुमची शिस्त मध्ये यायची हो. गप्प बसले, ही माझी चूक."

"आणि ज्या घासूनही जमल्या नाहीत?"

"ती माणसं परत येत नाहीत. कवळी डबीत ठेवतात आणि वरणभातावर दिवस काढतात."

ताई इतका वेळ ऐकत होती. आता तिला तिचा बसमधला आवाज सापडला. "वा रे संकल्पराव! साखर सोडलीस, चहा सोडलास. सुरी तेवढी सोडायची राहिली. वर म्हणे अंगण वाकडं!"

आत जाऊन त्याने वर्षभराचे साचे काढले. कागदात गुंडाळलेले, नंबर टाकलेले, एकूण एकेचाळीस. डोळे मिटून एकेकावरून बोट फिरवलं. डोळ्यांना जे साफ दिसत होतं, ते बोटाला सपाट लागत होतं, जिथे माणूस सपाट नसतो अशा जागी. अशा एकोणीस साच्यांचे नंबर त्याने कागदावर उतरवले. त्याआधीच्या बावीस वर्षांचे साचे केव्हाच फेकले गेले होते. त्यांचं काही करता येणार नव्हतं, आणि हे त्याने स्वतःपासून लपवलं नाही.

कागद त्याने डॉक्टरीणबाईंसमोर ठेवला. "यांना बोलवा."

"दवाखान्याची अब्रू जाईल हो. घासून देऊ की गुपचूप."

"नको. कवळी बनवणाऱ्याची चूक झाली, असं लिहा. नव्या मी बनवतो, सुट्टीच्या दिवशी. आणि ती माणसं समोर बसलेली असताना मला आत बोलवा. खिडकीतून नको."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. या माणसाला आपण ओळखतो असं त्यांना तेवीस वर्षं वाटत आलं होतं. मग त्यांनी पत्रं लिहायला घेतली.

पहिली ताईची कवळी झाली. साचा तसाच राहिला, उंचवट्यासकट, थोडा ओबडधोबड. तो तसा सोडताना त्याचा हात तीनदा सुरीकडे गेला. चौथ्या दिवशी ताईने सफरचंद खाल्लं आणि जिन्यातल्या शेजाऱ्यांना वरच्या मजल्यावरून हुकूम सोडला की चपला नीट लावा.

पण ताई घरची. खरी परीक्षा त्यापुढच्या आठवड्यात झाली. एकोणिसांतली पहिली आली ती शिवणाच्या वर्गातली मास्तरीण. खुर्चीत बसली, पण पाठ टेकली नाही. तो समोर जाऊन उभा राहिला.

"तुमची कवळी मी बनवली होती. साचा मी खरवडला, म्हणून टोचते. चूक माझी आहे."

"चार महिने झाले," ती म्हणाली. तिचे शब्द फुसफुसत, कडेकडेने येत होते. "मुली हसतात म्हणून मी वर्गात बोलायचं सोडलंय. सगळं फळ्यावर लिहून दाखवते. आणि तुम्ही आता येऊन सांगताय चूक माझी. मी काय करू? टाळ्या वाजवू?"

"नको," तो म्हणाला. "आ करा."

ती त्याच्या ओल्या, नुकत्याच धुतलेल्या हाताकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने तोंड उघडलं.