चंदेरी बाई माहेरी गेली

आमच्या आईला बोललेलं इंग्रजी कळत नाही, हे मला वयाच्या पस्तिशीत कळलं. तेही भर दिवाणखान्यात, तिच्या एकसष्टीच्या दिवशी, तिच्या चार मैत्रिणींच्या पाठीमागे उभं असताना. आणि ते त्या मैत्रिणींना कळू नये म्हणून पुढचा तासभर मी जो अभिनय केला, तसा कॉलेजच्या एकांकिकेतही कधी केला नव्हता.

मागचं थोडं सांगायला हवं. केबल नवीनच आली होती तेव्हाची गोष्ट. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत ती सगळ्यात आधी आमच्याकडे आली, कारण केबलची वायर आमच्याच गॅलरीवरून न्यावी लागत होती आणि बाबांनी त्या एका अटीवर भिंतीला खिळा ठोकू दिला होता. त्या नव्या परदेशी चॅनेलांपैकी एकावर दुपारी एक मालिका लागायची. अंतराळयान, अनोळखी ग्रह, यंत्रमानव असलं सगळं. तिकडे ती म्हणे वर्षानुवर्षं चालली होती, नट बदलत होते, यान तेच. आपल्याकडे दाखवत ते तिचे जुने भाग. पाच-सहा भागांत एक कथा संपायची आणि प्रत्येक भागाच्या शेवटी कोणाचा तरी जीव टांगणीला लागलेला असताना नावं सरकायला लागायची. मी कॉलेजात, बाबा कारखान्यात. मागचं आवरून झालं की आई एकटीच बघत बसायची.

ऊन उतरलं की ती गच्चीवर जायची. उन्हाळ्याच्या दिवसांत तिथे बायकांचं कुरडया उलटवण्याचं काम चाले आणि त्या कामात आई त्यांना दुपारचा भाग सांगे. ऐकणाऱ्या चौघी. तिसऱ्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही सगळे नुसतं 'बाई' म्हणायचो. समोरच्या ब्लॉकमधल्या दोघी जावा. आणि तळमजल्यावर नव्याने राहायला आलेली यवतमाळची सूनबाई. आईच्या त्या कथेत एक चंदेरी झगा घातलेली बाई होती. तिच्या नवऱ्याचं लोखंडी यंत्र करून टाकलेलं होतं. आणि हे ज्याने केलं तो टकला, नवऱ्याचा सावत्र भाऊ. त्याला अख्खा ग्रह हडपायचा होता. मधेच चंदेरी बाई बाळंतपणाला माहेरी गेली आणि टकल्याने तिची परतीची वाटच अडवली. रात्री जेवताना मीही हे सगळं तोंडाचा आ करून ऐकायचो. गच्चीवर तर म्हणे कुरडया उलटवायच्या राहून जायच्या.

पुढे मी सॉफ्टवेअरमध्ये शिरलो. कंपनीने काही महिने इंग्लंडला पाठवलं, तिथल्या एका दुकानात त्याच मालिकेच्या जुन्या कथांच्या डीव्हीडी दिसल्या. मुखपृष्ठावर चंदेरी झगा! मी दुकानातच नाचलो असतो. आईची एकसष्टी तोंडावर आली होती. मी ठरवलं, गच्चीवरच्या चौघींना बोलवायचं आणि त्यांना एवढी वर्षं नुसती ऐकलेली गोष्ट डोळ्यांनी दाखवायची. आईला सकाळीच सांगितलं.

ती शेवया भाजत होती. हात थांबला.

"कोणाकोणाला बोलावलंयस?"

"चौघींना."

"बाईंना पण?"

"त्यांना तर सगळ्यात आधी."

"अरे, आपला तो डीव्हीडी बिघडलाय ना?"

"नवीन आणलाय काल."

मग तिचं डोकं दुखायला लागलं. मग गुडघा. मला वाटलं, कौतुकाने लाजतेय.

दुपारी चौघी आल्या, ओवाळणं झालं, खीर झाली, आणि मी मोठ्या ऐटीत डिस्क आत सरकवली. टकला दिसताच थोरली जाऊ म्हणाली, "आला मेला!" धाकटीने बोटं मोडली. आणि पडद्यावर तो टकला अतिशय मायाळू आवाजात चंदेरी बाईला विचारत होता की, रात्री झोप लागली का? तो यानावरचा सर्जन होता. लोखंडी यंत्र हे लोखंडी यंत्रच होतं, त्याचं कोणाशी लग्न झालेलं नव्हतं. ग्रह कोणालाही नको होता, उलट सगळे तिथून निघायच्या घाईत होते.

मी आईकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, गुंडाळत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि चटकन मान फिरवली.  अख्ख्या सोसायटीत 'इंग्रजी समजणाऱ्या काकू' म्हणून आईचा मान होता. लोक तिच्याकडून बँकेची पत्रं वाचून घेत. आणि समोर बसल्या होत्या बाई, ज्यांनी एकदा सोसायटीच्या सेक्रेटरीला नोटिशीतल्या चुका लाल शाईने दाखवून ती नोटीस परत पाठवली होती.

एकच आशा होती. नटांचे उच्चार असे होते की चौघींपैकी कोणाला काही कळणं शक्य नव्हतं. बाई कपाळाला आठ्या घालून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "खाली अक्षरं येतात ना हल्ली? माझ्या भाच्याकडे येतात."

"या डिस्कला नाहीत, बाई," मी म्हणालो.

"आहेत की!" स्वयंपाकघरातून माझी बायको. "काल मीच बघितली." ती खराडीला एका कंपनीत टेस्टिंगमध्ये होती. दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधण्याचाच तिला पगार मिळायचा आणि ती घरी फुकट काम करायची.

"रिमोट चालत नाहीये," मी म्हणालो.

"अहो, उलटा धरलाय तुम्ही." तिने येऊन तो माझ्या हातातून काढला, बटण दाबलं, आणि पडद्याच्या तळाशी पांढरीशुभ्र अक्षरं उमटली.

बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. त्यांनी नवा चष्मा नाकावर चढवला आणि वर्गात वाचावं तसं वाक्यावाक्याला थांबत मराठीत सांगायला सुरुवात केली. "'तुम्ही होतात... म्हणून मी वाचले.' असं ती टकल्याला म्हणतेय."

"कोणाला?" थोरली जाऊ.

"टकल्याला."

 धाकटी जाऊ क्षणभर विचारात पडली आणि म्हणाली, "नाटक करतेय हो ती. त्याला गाफील ठेवायला."

"असेल," बाई म्हणाल्या. पण आता त्या पुढे सरकून बसल्या होत्या.

मला पुढची गोष्ट ठाऊक होती. डिस्कच्या डबीच्या पाठीवर छापलीच होती, आणि ती मी सकाळी आनंदाच्या भरात वाचली नव्हती, आत्ता वाचली. चंदेरी बाई दुसऱ्या भागाच्या शेवटी मरत होती. मी टीव्हीसमोर उभा राहून पंख्याचा वेग बघू लागलो. "पारदर्शक आहेस का तू?" बाईंनी विचारलं. मी बाजूला झालो. आई उठली, "चहा टाकते, बंद कर रे ते."

"चहा तुमच्या सूनबाई टाकतील," बाई म्हणाल्या. " तुम्ही बसा. तुमचाच वाढदिवस आहे ना?"

आई बसली. पडद्यावर गुहा हादरत होती. छतातून आधी माती आली, मग खडे. चंदेरी बाईने वर पाहिलं. दोन्ही जावांनी एकमेकींचे हात धरले. दगड कोसळला, आणि नावं सरकायला लागली.

"वाचते ती," धाकटी जाऊ घाईने म्हणाली. "अजून माहेरी जायचंय तिला."

तिसरा भाग सुरू झाला. टकल्याने दगडांमधून एक हात उचलला, नाडी पाहिली, आणि काहीतरी पुटपुटला. अक्षरं उमटली.  या वेळी बाईंनी आधी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. अक्षरं तोवर गेली होती.

"मेली," त्या म्हणाल्या. "स्पष्ट लिहिलंय." आणि आईकडे वळल्या. "अहो, तुम्ही तर हिला बाळंतपणाला पाठवली होतीत. मंगळाच्या पलीकडे कुठेतरी."

 आईचे कान लाल झाले होते. 

बोलली ती यवतमाळची. ती आतापर्यंत एक शब्द बोलली नव्हती. "काकू, हा भाग गच्चीवर सांगितला तेव्हा मी सातव्या महिन्यात होती ना वो?"

आईने मान हलवली.

"अन् माझी आधीची दोन गेली होती."

"माझ्या समोरच बसली होतीस तू," आई म्हणाली. आवाज इतका हळू की बायकोने टीव्हीचा आवाज बंद केला. "पोटावर ताट ठेवून. म्हणालीस, काकू, आज चंदेरीचं काय झालं? मी काय सांगणार होते? दगड पडला?" मग म्हणाली, "मेलेली बाई परत येईना मालिकेत. माहेरी पाठवली, तर तिला कोणीतरी अडवायला नको? टकला बरा दिसला अडवायला." आणि मग, एकदाचं सगळंच टाकून द्यावं तशी, "आणि खरं सांगायचं तर त्यांचं बोलणं मला सुरुवातीपासून एक अक्षर कळत नव्हतं."

 यवतमाळच्या सूनबाईने डोळ्याला पदर लावला होता. तेव्हा पोटात असलेली तिची मुलगी आता दहावीच्या क्लासला गेलेली होती. आता सगळा निकाल बाईंच्या हातात होता, आणि बाईंनी आयुष्यात कोणाला ग्रेस मार्क दिल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

"मलाही बोललेलं कळत नाही," बाई म्हणाल्या. "जन्मभर व्याकरण शिकवलं. साहेबाशी बोलायची वेळ कधी आली नाही." त्या माझ्याकडे वळल्या. "ती अक्षरं घालव. आवाज बंदच राहू दे. हं, तुम्ही सांगा. ती माहेरी पोचली. पुढे?"

आईने पदर सोडला. घसा साफ केला. "पुढे... यंत्राने तिला निरोप पाठवला..."

"आधी चोरून पाठवलेलं पत्र पकडलं गेलं," थोरली जाऊ.

"पत्र नंतर. आधी टकल्याने पाणी तोडलं," धाकटी.

"पाणी गुरुवारी तोडलं होतं," यवतमाळची नाक ओढत म्हणाली. "आपल्याकडं पण नव्हतं त्या दिवशी."

"अहो, मला नाही आठवत आता इतकं," आई वैतागली.

"आम्हाला आठवतंय. तुम्ही चुकलात की सांगू," बाई म्हणाल्या.

पडद्यावर तो सज्जन टकला गुहेबाहेर एका लहान मुलाच्या पायाला पट्टी बांधत होता. मुलगा रडत होता, टकला त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होता.

"बघा, बघा," थोरली जाऊ खुर्चीतून अर्धी उठली, "लेकराला विष चोपडतोय!"

"चोपडणारच," आई म्हणाली, आणि सावरून बसली.