टाका, मावशी

देवाशी माझं भांडण कधीच नव्हतं. त्याच्याभोवती उभ्या राहणाऱ्या मांडवांशी, ढोलांशी आणि फलकांवरच्या हसऱ्या चेहऱ्यांशी होतं. नेरुळच्या आमच्या सोसायटीत दरवर्षी सत्यनारायण होतो. प्रसाद मी आवडीने खातो आणि कथा चालू असताना बाहेर चपलांची राखण करतो. अशा माणसाने आध्यात्मिक अनुभव लिहायला बसावं हे माझं मलाच अवघड वाटतं. पण त्या दुपारचं कुणाला सांगितलं नाही, तर ते मनात तसंच टोचत राहील.

आमच्या घरचे देव म्हणजे चांदीचे टाक. बोटभर पत्र्यावर ठोकलेल्या मूर्ती: खंडोबा, भवानी आणि ज्यांची नावं आता कुणालाच धड सांगता येत नाहीत असे काही पूर्वज. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. आई शेवटी माझ्या थोरल्या बहिणीकडे नागपूरला राहिली, तेव्हा टाकही तिच्याबरोबर गेले. आईमागे ताईने ते सांभाळले. आता तिचे गुडघे दुखतात, पूजेला खाली बसवत नाही, आणि घरचे टाक मुलाच्या घरी असावेत ही आमच्याकडची रीत. म्हणून तिने फोन केला. मी पुस्तकात डोकं घालून बसलो होतो. म्हणालो, "टाकच आहेत ना ताई? मग टाकून दे."

कोटी बरी जमली असं मला वाटलं. ती एवढंच म्हणाली, "मीच घेऊन येते."

ती विमानाने यायची त्या दुपारी तिला आणायला मी जरा लवकरच निघालो. विमानतळ नवा आहे, त्यामुळे आमच्याकडे अजून लोक सहकुटुंब विमानं बघायला जातात. उलव्याच्या बाजूला रस्त्याकडेला एक उंचवटा आहे, तिथून धावपट्टीचा तुकडा दिसतो. वेळ होता म्हणून मीही तिथे गाडी थांबवली. विमानतळ सुरू झाला तेव्हा अग्निशमनच्या गाड्यांनी दोन्हीकडून पाण्याचे फवारे उडवून विमानावर कमान धरली होती. तो व्हिडिओ प्रत्येक ग्रुपवर फिरला होता. त्यामुळे त्या दुपारी दिवे लावून, भोंगे वाजवत त्या गाड्या धावपट्टीकडे निघाल्या, तेव्हा सगळ्यांनी हौसेने मोबाईल वर धरले. मी मोठ्याने म्हणालो, "आला वाटतं कुणीतरी साहेब. आता विमानाला अभिषेक." चारजण हसले. मला बरं वाटलं.

शेजारी एक म्हातारी कोळीण रिकामी पाटी घेऊन उरणच्या बसची वाट बघत बसली होती. ती हसली नाही. तिने डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. मला राहवलं नाही. विचारलं, "आजी, तुम्ही पण साहेबांना नमस्कार करताय का?"

माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "भोंगा वाजतंय नं बाबा. कोनतरी हाय वर."

वर म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही. तेवढ्यात विमान आलं. मागची चाकं टेकली, नाक मात्र खाली खाली येत थेट जमिनीला लागलं. पुढचं चाक उघडलंच नव्हतं. ठिणग्या उडाल्या, मग धूर. एकदोघांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली होती, त्या अर्ध्यावर थांबल्या. गाड्या विमानाभोवती गोळा झाल्या आणि फवारे सुटले. ते पाणी नव्हतं, पांढरा फेस होता. दारांतून घसरगुंड्या बाहेर आल्या आणि त्यांवरून माणसं ठिपक्यांसारखी खाली येऊ लागली. मी फोन काढला. ताईच्या विमानाच्या क्रमांकापुढे 'उतरत आहे' असं दिसत होतं.

तिचा फोन बंद लागत होता. मला एकही स्तोत्र पूर्ण येत नाही. मी नुसता "ताई, ताई" म्हणत होतो. माझे हात जोडलेले आहेत हे मला त्या म्हातारीने त्यांवर हात ठेवला तेव्हा कळलं. तिच्या हाताला मासळीचा वास होता. तिची बस आली आणि गेली, ती उठली नाही. त्या विमानात माझी बहीण आहे हे आधी तिला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. पण तिने हात जोडले आणि मी विनोद केला. हे वाक्य मी मनात अनेकदा फिरवून पाहिलं आहे. ते कुठूनही हलकं होत नाही.

मग अनोळखी नंबरवरून फोन आला. "अरे, मी बोलतेय. पाय मुरगळलाय फक्त." एका अग्निशमन जवानाने तिला स्वतःचा फोन दिला होता. तिचा पर्समध्ये, पर्स विमानात. माझा नंबर तिला पाठ होता. तिचा मला आजही पाठ नाही. मी म्हातारीकडे वळून नुसता फोन दाखवला. ती म्हणाली, "जा बाबा, भयनीकडं जा." तिचं नाव विचारायचं राहून गेलं. नंतर त्या उंचवट्यावर कितीदा जाऊन आलो, ती पुन्हा दिसली नाही.

खरी गोष्ट ताईने घरी आल्यावर सांगितली, पाय उशीवर ठेवून, चहा पिता पिता. विमानातली मुलगी सामान सोडा म्हणून इंग्रजी-हिंदीतून ओरडत होती, पण ताई दारात पर्स छातीशी धरून उभी. आत लाल फडक्यात टाक होते. मागे माणसं अडलेली. खालून, फेसातून, तो जवान ओरडला, "टाका, मावशी, टाका!"

"मला वाटलं, ह्याला कसं कळलं माझ्याजवळ टाक आहेत?" ताई म्हणाली. "मग कळलं, तो पर्स टाका म्हणतोय. सोडली मी, आणि बसले घसरगुंडीवर. खाली उतरून रडायला लागले तर म्हणतो, देव येतील मागून, आधी तुम्ही चला."

देव खरंच मागून आले. काही दिवसांनी पर्स मिळाली. फडकं ओलसर होतं, चांदी काळवंडली होती, इतकंच. मी पुस्तकांचा एक कप्पा रिकामा करून तिथे टाक मांडले. ताईने खुर्चीत बसून त्यांना हळद वाहिली. ज्याला आयुष्यभर जपलं ते ऐन वेळी हातातून सोडता येणं, याला भक्ती म्हणत असतील, तर ती मी तिच्यात पाहिली. कुणी वाचवलं, कसं वाचवलं, याचा वाद मी आता घालत नाही. त्या जवानाचे आणि त्या कोळणीचे उपकार मात्र रोज आठवतात, आणि भोंगा ऐकला की बोलता बोलता मी थांबतो.

नागपूरला परत निघताना, दारात चपला घालता घालता ताई सहज म्हणाली, "गंमत बघ, शब्द तोच होता. तू म्हणालास तेव्हा लागला. तो म्हणाला तेव्हा सुटले."

ती हसत होती. तिला माझा चेहरा दिसू नये म्हणून मी तिची बॅग उचलून पुढे झालो.