आमच्या मामांचे कुलगुरू

आमच्या धाकट्या मामांनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट खालून सुरू केली नाही. जग आधी पाया खणतं आणि मग कौलं चढवतं; मामा आधी कौलं आणून अंगणात रचत आणि मग त्यांच्याखाली घर कुठं बसवावं याचा विचार करत. नवेगावच्या बांधाजवळ, त्या मोठ्या तळ्याच्या काठी, त्यांची मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी होती, धानाची शेती होती, आंब्याचं बन होतं. खायला-प्यायला काही कमी नव्हतं, त्यामुळे विचार करायला वेळ भरपूर. बैलजोडी घ्यायची ठरली तेव्हा त्यांनी आधी घुंगूरमाळा आणल्या आणि मग त्या मापाच्या मानेचे बैल शोधत बाजारामागून बाजार हिंडले. गोंदियात एका शेठजीच्या दुकानात ग्रामोफोन बघून भाळले. यंत्रं विकून संपली होती, नुसता कर्णा शिल्लक होता. शेठजी म्हणाला, "मशीन अगले महीने आ जाएगी मालगुजारसाहब, भोंगा आज ले जाओ." मामा भोंगा घेऊन घरी आले. यंत्र काही आलं नाही. मामी त्या पितळी कर्ण्यातून पोत्यात तांदूळ भरायची आणि आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या घरचा बाजा असाच वाजते."

मामांची दुसरी खोड म्हणजे डोक्याला पागोटं आणि छातीवर पितळी बिल्ला असलेला माणूस खोटं बोलूच शकत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. एकदा ते माझ्या आईला भेटायला नागपूरला निघाले. छोट्या लाईनीच्या गाडीनं गोंदियाला उतरले आणि पुढची गाडी कोणती, हे एका बिल्लेवाल्या हमालाला विचारलं. त्यानं बोट दाखवलं, मामा बसले आणि बालाघाटला पोचले. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आले तेव्हा हमालाबद्दल एक वाकडा शब्द नाही. उलट बालाघाटचे पेरू किती गोड, हेच सांगत बसले. "अन् तुमाले नागपूरले जायचं होतं ना?" असं आईनं विचारलं तर म्हणाले, "पण बिल्ला होता ना बाई त्याच्याजवळ!" 

हे दोन स्वभाव एकत्र आले आणि त्यातून विद्यापीठ निघालं. पण त्याआधी यमूबद्दल सांगायला हवं, कारण सारा खटाटोप तिच्यासाठी होता. यमू ही मामांची एकुलती एक मुलगी. गावातल्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग, आणि यमूनं चौथीची पुस्तकं तिसरीतच वाचून संपवलेली. शाळेचे गुरुजी भंडाऱ्याकडचे, अंगानं काडीसारखे आणि बोलायला अतिशय हळू. ते रोज संध्याकाळी मामांच्या सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, यमूला पुढचं शिकवायचे. पोरगी मॅट्रिकला घरूनच बसेल, असा गुरुजींचा बेत होता. मामीचा विरोध नव्हता, पण तिची अट होती, आणि मामीची अट म्हणजे दगडावरची रेघ. "जोवर शिकणं चालू हाये तोवर मी थांबतो. ज्या दिवशी शिकणं थांबलं त्या दिवशी तिरोड्याच्या पावण्याले होकार देतो." तिरोड्याला एक घर होतं, मोठा धानाचा व्यापार होता आणि वर मुलगा होता. त्यांचा निरोप दर सणाला यायचा. यमूला तो मुलगा नको होता असंही नाही. तिला भूमिती संपायच्या आधी काहीच नको होतं.

मी तेव्हा नागपूरला कॉलेजात होतो. विद्यापीठ ही काय चीज आहे, ती यमूच्या कामाची आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मामा आले, ते नेमके पदवीदानाच्या दिवशी. मी आत होतो, पण मामांना मांडवात शिरायला परवानगी नव्हती. मामा दाराशी उभे राहिले. समोरून मिरवणूक गेली: तांबडे झगे, झुपक्यांच्या टोप्या, पुढे चांदीचा दंड घेतलेला माणूस. मामांचे डोळे दिपले. त्यांनी दारावरच्या बिल्लेवाल्या शिपायाला विचारलं, "हे कोन्त्या वर्गाले शिकवतेत जी?" शिपाई हसला. म्हणाला, "हे कोणालाच शिकवत नाहीत, काका. हे मोठे आहेत." झालं! बाहेर आल्यावर मी वर्ग दाखवतो, ग्रंथालय दाखवतो म्हटलं, तर मामा म्हणाले, "पायलं ना म्या सारं." आणि रात्रीची गाडी पकडून गावी गेले.

महिन्याभरानं मी सुटीत मामांकडे गेलो तर गावात विद्यापीठ निघालेलं. इमारत नाही, वर्ग नाही, फळा नाही. पदाधिकारी मात्र सगळे नेमून झालेले. गुरुजी कुलगुरू. कानाला लेखणी असते म्हणून पटवारी रजिस्ट्रार. वैद्यबुवा वैद्यक शाखेचे प्रमुख. आणि कलाशाखेचा प्रमुख कोण, तर दंडारीत, म्हणजे आमच्या झाडीपट्टीतल्या लोकनाट्यात, राजाचं काम करणारा सदाशिव. "आणि मामा, तुम्ही कोण?" मी विचारलं. "मी कोनीच नोहो. मी नुसता नेमतो." मी हळूच म्हटलं, "विद्यार्थी?" मामांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "पोट्टे काय, येतीनच ना बापू! आधी मोठे मानसं त पायजेत."

झगे गावच्या शिंप्यानंच शिवले. मापं घ्यायला चौघं एकत्र सापडेनात, म्हणून त्यानं मामांचंच माप घेऊन चार झगे कापले. मामा अंगानं भरदार. त्यामुळे कुलगुरू चालू लागले की आधी झगा निघायचा आणि मग आतून गुरुजी. वैद्यबुवा झग्यात अडखळून दोनदा पडले आणि त्यांनी स्वतःच्याच गुडघ्याला लेप लावला. झगा शोभत होता तो एकट्या सदाशिवाला. वर्षानुवर्षं राजा झालेला माणूस! परगावचा कोणी आला की नेमका त्याच्याच पाया पडायचा, आणि सदाशिव सवयीनं हात वर करून "सुखी राहा प्रजाजन" म्हणायचा.

सभा दर गुरुवारी आंब्याच्या बनात भरे. सुरुवात मिरवणुकीनं. इथं एक पेच होता. नागपूरला सगळ्यात मोठा माणूस सगळ्यात पुढे होता की सगळ्यात मागे, हे मामांना आठवेना. मला विचारलं, तर मलाही सांगता येईना. मी मांडवात मागच्या बाकावर होतो आणि समोर एकाचा फेटा होता. एका गुरुवारी गुरुजींना पुढे चालवलं, पुढच्या गुरुवारी मागे. पटवारी म्हणाला, मागे कुलगुरू असतील तर पुढचा मी त्यांच्यापेक्षा मोठा ठरतो, आणि मला ते झेपायचं नाही. वैद्यबुवा म्हणाले, मग मला ठरू द्या. शेवटी मामांनी तोडगा काढला. एका मोठ्या आंब्याभोवती चौघांनी गोल फिरायचं. गोलात पुढे कोण आणि मागे कोण, हे देवालाही सांगता येणार नाही. त्यानंतर जेवण. तळ्यातली ताजी मासोळी आणि नवीन तांदळाचा भात. जेवणानंतर पुढच्या सभेत काय बोलायचं यावर चर्चा व्हायची आणि चौघं ढेकर देत घरी जायचे. मी बी.ए.च्या वर्गातला मुलगा, पण तिथं बसलो की विद्यापीठ म्हणजे नक्की काय, हे मलाही समजेनासं व्हायचं.

या साऱ्यात यमूचं शिकणं कधी थांबलं, ते कोणाच्याच ध्यानात आलं नाही. गुरुजी कुलगुरू झाल्यावर पहिल्याच संध्याकाळी नेहमीप्रमाणे सपरीत आले, पाटीजवळ बसले, तोच मामा धावत आले. "हे काय गुरुजी! तुमी आता मोठे झाले. मोठ्या मानसानं शिकवा लागत नाही." गुरुजी म्हणाले, "पण मालक, त्रिकोणाचं अर्धं राहिलंय." "राहू द्या. तिच्यासाठी दुसरा कोनी नेमू ना." गुरुजी भिडस्त माणूस. मालगुजाराचा शब्द मोडवेना, आणि खोटं कशाला बोला, त्या झग्यात त्यांनाही थोडं बरं वाटत असावं. सकाळी सरकारी शाळेत ते बाराखडी शिकवत, कारण पगार तिथला होता. संध्याकाळी मोठे होऊन सपरीत गादीवर टेकून नुसते बसत. यमू पाटी घेऊन समोर बसे. दोघं एकमेकांकडे बघत आणि दिवेलागण झाली की उठत.

मामीनं मात्र पाहिलं.  तिनं तिरोड्याला निरोप धाडला की पौर्णिमेनंतर मुलगी बघायला या. मला कळलं तेव्हा मी मामांकडे पळालो. मामा नव्या पदाच्या विचारात होते. गोलात अजून एक माणूस बसतो का, हे पाहत होते. मी म्हटलं, "मामा, यमूचं लग्न ठरतंय." ते म्हणाले, "काऊन? तिचं त शिकणं चालू हाये! सारं विद्यापीठ हाये तिच्यासाठी!" आणि हे ते अगदी मनापासून म्हणत होते. मला रडावं की हसावं ते कळेना.

पौर्णिमेच्या आधीच्याच गुरुवारी शाळाखात्याचे एक मोठे साहेब दौऱ्यावर आले. शाळा तपासून तळ्यावर बदकं मारायला निघाले होते. वाट आंब्याच्या बनातून. बघतात तर तांबड्या झग्यांतली चार माणसं गंभीर चेहऱ्यानं आंब्याभोवती फिरून राहिलेली. साहेबांनी बंदूक गड्याकडे दिली आणि टोपी काढली. आधी सदाशिवाला नमस्कार केला, त्यानं प्रजाजन म्हणून आशीर्वाद दिला. मग मामांनी सारं समजावलं. साहेब मराठी जाणणारे होते, पण त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांचं ते जाणणं क्षणोक्षणी कमी होत चाललेलं दिसत होतं. "कुलगुरू कोण?" त्यांनी विचारलं. झग्याच्या आतून गुरुजी पुढे आले. "आपण काय शिकवता?"

गुरुजी खाली बघून म्हणाले, "पूर्वी शिकवत होतो."

"आणि विद्यार्थी?"

मामांनी अभिमानानं यमूकडे बोट दाखवलं. ती मासोळीचं पातेलं घेऊन आली होती. साहेबांनी तिला काय शिकतेस म्हणून विचारलं. यमू आईसारखीच, तिनं आडपडदा ठेवला नाही. "भूमिती होऊन राहिली होती साहेब. मंग बाबानं गुरुजीले मोठं केलं. आता काहीच नाही होऊन राहिलं. आता माह्यं लगन होते."

साहेब "फार छान" म्हणाले आणि तळ्याकडे निघून गेले. पण मामा तिथंच बसले, आंब्याच्या मुळावर.  मासोळी निवत चालली तरी कोणी हात लावेना. मग मामा उठले आणि म्हणाले, "गुरुजीले काढा लागते."

एकच गोंधळ उडाला. पटवारी म्हणाला, "कायले? त्याईनं केलं काय?" वैद्यबुवा म्हणाले, नेमायची रीत ठरली होती, काढायची ठरलीच नाही, त्यासाठी पुढच्या गुरुवारी बसावं लागेल. सदाशिवाचे डोळे भरून आले, कारण दंडारीत प्रधानाला काढतात तेव्हा पुढे त्याचा शिरच्छेद असतो. मामा कोणाचंच ऐकेनात. ते गुरुजींपुढे गेले, हात जोडले. "गुरुजी, तुमाले मोठं केलं, लय मोठी चूक झाली माह्यी. पोरीचा मास्तर म्याच पळवला. माफ करा." आणि एवढा मालगुजार माणूस, त्यानं आपल्या हातानं त्यांच्या झग्याच्या गाठी सोडल्या. खाली नेहमीचा मळका सदरा होता. गुरुजींच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मी विसरलो नाही. ते म्हणाले, "यमू, पाटी आण. तो त्रिकोण कुठवर आला होता?"

पौर्णिमेनंतर तिरोड्याचे पाहुणे आले तेव्हा सपरीत भूमिती चालू होती. मामीनं दारातूनच सांगितलं, "बसा, जेवून जा, पण पोरगी शिकून राहिली." पाहुणे जेवून गेले. मामीचा शब्द दोन्ही बाजूंनी खरा असायचा. उरलेलं विद्यापीठ पुढेही बरीच वर्षं दर गुरुवारी जेवत राहिलं. कुलगुरूची जागा मामांनी पुन्हा भरली नाही. यमू मॅट्रिक झाली, गोंदियाला मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली, आणि तिथल्याच एका चांगल्या माणसाशी तिनं आपल्या सवडीनं लग्न केलं.

मीही शिकवायला लागलो. कॉलेजात बरीच वर्षं शिकवलं, चांगलं शिकवलं असं मुलं म्हणत. मग मला वर घेतलं. प्राचार्य झालो, विद्यापीठाच्या मंडळांवर गेलो, तांबडा झगा अंगावर आला. पेढे घेऊन मामांकडे गेलो. ते सपरीत खाटेवर होते. नजर गेलेली, माणसं ओळखायलाही वेळ लागायचा. मी झाल्या गोष्टी ओरडून सांगितल्या. मामांनी पेढा हातात धरून ठेवला.

"मंग, शिकवतं ना अजून?"

"नाही मामा. आता वेळ होत नाही. सभा असतात."

मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही. पण त्यांनी माझा हात चाचपून धरला, आजारी माणसाचा धरतात तसा, आणि हळूच म्हणाले, "घाबरू नोको बापू. कोनाले तरी सांगून पाय. काढतीन तुले."

त्यानंतरच्या पावसाळ्यात मामा गेले. मी अजून सभांना जातो. झगा घालून रांगेत उभा राहतो, पुढे कोण आणि मागे कोण याची कुजबुज चाललेली असते, आणि मला त्या आंब्याखाली हात जोडून उभे असलेले मामा आठवतात. माझ्या झग्याच्या गाठी सोडायला कोणी येत नाही.